मार्थामावशीची दुसरी मूठ

आमच्या मंदिरात बाया डाव्या अंगाला बसतेत, गडी उजव्या अंगाला, आन् मार्थामावशी दारात उभी राहायची. चांगली दीड-दोन तासांची उपासना, पण ही बाई चौकटीला पाठ लावून उभीच. खांद्याला कापडाची पिशवी. चपला उंबऱ्याच्या बाहेर, तोंड रस्त्याकडं करून ठिवलेल्या, मंजे आमेन झालं की पाय घातला आन् निघाली. नवा माणूस आला की बिचारा सरकून जागा करायचा, "बसा की बाई." मावशी म्हणायची, "तुमी बसा. उभा माणूस देवाला माणूस दिसतो, बसला की गठुडं दिसतं." ते ऐकून बसणाराला आपलं आपल्यालाच गठुडं वाटायचं. मी तर हायेच गठुडं, मला नवीन काही वाटलं न्हाई.

ती गेली त्याला आता दोन वर्स होतील. अजून बी कोणी त्या चौकटीला टेकत न्हाई. मी एकदा टेकलो, तर सगळ्या बाया माझ्याकडं अशा पाहू लागल्या की मी चपला घालून बाहेरच गेलो.

माझं नाव दावीद, लोकांसाठी दाव्या. आखाडा बाळापूरच्या फाट्यावर पंचरचं दुकान हाय. शाळेचं म्हणाल तर तिसरीत दोनदा बसलो, पुढच्या वर्सी मास्तरच म्हणाले, राहू दे बाबा. मंदिरात मी नाताळला जायचो आन् कोणाचं लगीन असलं की जायचो. जिथं पंगत तिथं मी ख्रिस्ती. तवा मार्थामावशीसारख्या बाईनं माझ्यासारख्याला हाताशी काहून धरलं, ते सांगायचं मंजे माझीच अब्रू काढावी लागती. काढतो.

आमची मंडळी पन्नास-साठ घरांची. थोडी बाळापुरात, बाकी खेड्यांनी इखुरलेली, दोन घरं इथं, चार तिथं. कोणी रोजानं जातं, कोणी शाळेत शिपाई, एक कंपाउंडर. पण या एवढ्याशा मंडळीनं दोन ओझे डोक्यावर घेतलेले. एक, सेनगावच्या अंगाला लेकरांचं बोर्डिंग. मायबाप ऊसतोडीला गेले की लेकरं तिथं राहतेत, तिथंच शिकतेत. दुसरं, तिकडं आफ्रिकेत मालावी म्हून मुलुख हाय, तिथला एक मिशन दवाखाना. त्या दवाखान्याचा आन् आमचा संबंध कसा जुळला ते उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांनी मला तीनदा समजून सांगितलं. तिन्ही टायमाला मी मान हलवली.

हे सगळं चालायचं मुठीवर. बाई पीठ मळायला बसली की आधी एक मूठ जवारी न्हाईतर तांदूळ चुलीजवळच्या डबड्यात टाकायची. शनवारी मार्थामावशी यायची आन् ते डबडं पिशवीत उलथं करायची. सकाळी शाळेत लेकरांची खिचडी शिजवायची, ते तिचं पोटाचं काम, आन् दुपारपासून हे. धान्य बोर्डिंगला जायचं, वरचं इकून मालावीला. कोणी म्हणलं, मावशी, आमच्या गरिबाची काय मूठ, तर ती म्हणायची, "घर केवढं बी असू दे, मूठ आपल्या हाताएवढीच असती."

एकदा पाळकसाहेबांनी उपदेशाला त्या दोघी बहिणींची गोष्ट घेतली. मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकून राहिली आन् मार्था घरकामात गुंतली, ती गोष्ट. साहेबांनी मरियेची लई तारीफ केली. उपासना सुटल्यावर मावशीनं त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, मरियेनं चांगलं केलं, मला कबूल हाय. पण त्या दिवशी जेवले सगळे, का उपाशी गेले?"

"जेवले असतील, मार्थाबाई."

"कोणाच्या हातचं?"

साहेब हसले. पुढं कवा त्यांनी ती गोष्ट घेतली असंल तर मावशी बोर्डिंगला गेलेली पाहूनच.

आता माझी गोष्ट. दर उन्हाळ्यात मंडळीची तीन दिवसांची सभा असती, मांडव घालून. शेवटच्या दिवशी बुंदी असती, म्हून मी गेलो व्हतो. मागं मांडवाच्या खांबाला टेकलो आन् डोळा लागला. पुढं पाहुणे उपदेशक सांगून राहिले व्हते की गावोगाव काम पडलंय आन् जायला माणूस न्हाई. "कोण जाईल?" त्यांनी इचारलं. भले भले आपल्या पायाच्या नखाकडं पाहून राहिले. नेमकं तवाच माझ्या पायजम्यात मुंगळे शिरले. एखादा न्हाई, वरात निघाल्यावानी. मी ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर. लोकांना वाटलं, देवानं याला बोलावलं. पाहुण्यांनी पुढं नेऊन डोक्यावर हात ठिवून मोठी प्रार्थना केली. मी डोळे गच्च मिटून उभा आन् आत मुंगळ्यांचं काम चालूच. डोळ्याला धार लागली. ते पाहून चार बाया बी रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर मावशी पिशवी घेऊन दारात.

"चल."

"कुठं?"

"पुसेगावला. काल उभा राहिलास नं? मंग आता बसायचं न्हाई."

तवाच खरं सांगायला पाहिजे व्हतं. पण बायकोनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं व्हतं की आमचा माणूस बदलला. तिच्या तोंडावर एवढा आनंद मी आमच्या लग्नात बी पाहिला नव्हता. मंग काय, मोटरसायकल काढली. ती चौदा वर्स आत ठिवली न्हाई.

गाडीवर बी मावशी बसायची न्हाई, नुसती टेकायची. पाठीवर बोट मारून मारून माझ्या सदऱ्याला तिथं भोक पडलं. "हळू काहून चालवून राहिला? बैल हाय का खाली?" पुढं खड्डा दिसला की गाडी थांबायच्या आधी उतरायची आन् मी खड्डा पार करस्तोवर पायी पुढं निघालेली असायची. दोनदा मी तिला मागंच इसरून गेलो. एकदा तर पार तीन कोस गेल्यावर बोलायला लागलो आन् उत्तर आलं न्हाई तवा कळलं. परत आलो तर ती चालत येऊन राहिली. म्हणली, "तुझ्या गाडीपरीस माझे पाय बरे, त्यांना हवा लागत न्हाई."

एका शनवारी पुसेगावच्या एका घरी गेलो. घरातला गडी महिनाभर आजारी. बाई डबडं घेऊन बाहेर आली, पण तिचं तोंड पाहूनच मला कळलं की आत काही न्हाई. मावशीनं ते डबडं हातात घेतलं, रोजच्यासारखं पिशवीत उलथं केलं, बुडावर दोन चापट्या मारल्या आन् वापस दिलं. "बराबर हाय," म्हणली, "पुढच्या शनवारी येते." बाहेर आल्यावर मी माझं शहाणपण दाखवलं.

"मावशी, त्यात काहीच नव्हतं."

"तुला काय कळतंय त्यात काय व्हतं. तू टायरातली हवा बी पाण्यात बुडवल्याबिगर ओळखत न्हाईस."

मावशीचा नवरा लवकर वारला. एकच लेक, एस्तेर. खिचडी शिजवून, दुसऱ्याच्या वाकळा शिवून तिनं लेकीला नर्स केलं. पोरगी नांदेडच्या दवाखान्यात लागली. शांत पोरगी, आईच्या उलटी. कुठं बसली की बसली. दर रविवारी मात्र दोघी मंदिरात, एक बाकावर आन् एक दारात.

मावशीची प्रार्थना अकरा वर्स एकच. "देवा, काम लई हाय, माणूस दे." प्रार्थना करून गप बसली असती तर कोणाला तकलीफ नव्हती. पण ही बाई देवाला सांगून झालं की लोकांच्या घरी जायची. "तुमचा धाकटा काय करून राहिला? नुसता मोबाईल? बोर्डिंगला पाठवा की वर्सभर." लोक तिला पाहून पोरं मागल्या दारानं काढून द्यायचे. कोणी म्हणलं, एकुलता हाय, जीव होत न्हाई, तर ती म्हणायची, "जीव काय बँकेत ठिवायचाय का?"

मंग मालावीहून पत्र आलं. तिथली नर्स म्हातारी झाली, माघारी चालली, तुमच्याकडून कोणी येतं का. पाळकसाहेबांनी भर उपासनेत वाचून दाखवलं आन् समोर पाहिलं. आन् एस्तेर उभी राहिली.

मागून दारातून आवाज आला, "एस्तेर, बस खाली."

सगळ्या मंडळीच्या माना एका टायमाला मागं वळल्या. ज्या बाईनं आमाला कोणाला बसू दिलं न्हाई, ती म्हणून राहिली, बस. एस्तेर बसली न्हाई. आईकडं तोंड करून उभीच राहिली. मावशीनं चपला घातल्या आन् निघून गेली.

आमच्या मंडळीची एक रीत हाय. कामावर जाणारा असला की निरोपाच्या उपासनेत आधी घरचं मोठं माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवतं, मंग पाळक, मंग पंच. घरचा हात पडला न्हाई तर मंडळीचा हात पडत न्हाई. कोणाचं लेकरू त्याच्या घरच्यांपासून तोडून पाठवायचं न्हाई, असं जुन्या लोकांनी ठरवलेलं. हात पडला न्हाई तरी जाणारं जाऊ शकतं. पण ते आपलं आपण जातं, मंडळीचं म्हून जात न्हाई.

कागदपत्राला सात-आठ महिने लागले. तेवढ्यात मावशी हो बी म्हणली न्हाई आन् न्हाई बी म्हणली न्हाई. मुठी गोळा करायचं बंद केलं न्हाई. पण "देवा, माणूस दे" हे बंद झालं. दारात उभी राहायची, तोंड मिटून. गाडीवर मी एकदा इषय काढला तर चालत्या गाडीवरून उतरली.

एस्तेर माझ्या दुकानावर आली एक दिवस. "दावीदमामा, मी जाणार हाय. पण आईच्या हाताबिगर गेले तर तिथं दुसऱ्याला सुई टोचताना बी माझं चित्त इथंच राहील."

मी म्हणलं, "मी समजावतो तिला."

ती हसली. मला बी हसू आलं.

निरोपाचा रविवार आला. सकाळी उपासना आन् संध्याकाळी नांदेडहून मुंबईची गाडी. मंदिर भरलेलं. एस्तेर पुढं, नव्या साडीत. आन् दार रिकामं.

पाळकसाहेबांनी एक गीत घेतलं, दोन घेतले, सहा घेतले. पेटीवाल्याचे बोटं दुखायला लागले. शेवटी साहेब माझ्यापाशी आले आन् कानात म्हणाले, "दावीद, तिचे रस्ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाहीत. बघा."

निघालो. आधी तिच्या घरी, तर कुलूप. मंग सवयीनं शनवारचा रस्ता धरला, आन् पहिल्याच घरात पत्ता लागला. घर राखायला राहिलेली बाई म्हणली, "अहो, काल तर मूठ नेली, आज भल्या सकाळी परत आली. म्हणली, अजून एक दे. मी म्हणलं, मावशी, आज रविवार. तर म्हणली, म्हाईत हाय, दे." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. कोणाच्या घरून जवारी, कोणाच्या घरून तांदूळ. सगळ्यांनी दिलं, कोणी काहून म्हून इचारलं न्हाई, तिला इचारायची हिंमत कोणाला व्हती. मी तिच्या मागं मागं, घर घर करत डोंगरकड्यापर्यंत गेलो. गाडीच्या डिक्कीत माझं पंचरचं सामान असतं. सकाळी तेच काढून मी तिथं एस्तेरसाठी आणलेला झेंडूचा हार ठिवला व्हता. ते पुढं येईल.

डोंगरकड्याच्या अलीकडं एका रानात मेंढरं बसवलेले. धनगराची बाई पालापाशी भाकरी थापून राहिली आन् आमची मावशी तिच्यासमोर पिशवीचं तोंड उघडून उभी. ती बाई कोण, मावशी कोण, दोघींची ओळख न्हाई पाळख न्हाई. बाईनं ओंजळ भरून जवारी टाकली, वर अजून एक टाकली.

मी त्या बाईला म्हणलं, "आक्का, हे कशासाठी देऊन राहिल्या, म्हाईत हाय का?"

बाई म्हणली, "का बरं? लेक परमुलखाला चालली न्हवं त्यांची? वाटंला लागंल की."

मावशी माझ्याकडं पाहीना. पिशवीचं तोंड आवळत राहिली. जी गोष्ट तिनं आठ महिने आमाला कोणाला सांगितली न्हाई, ती पालावरच्या अनोळखी बाईला सांगून मोकळी झाली व्हती.

"मावशी, मंडळी खोळंबली."

"खोळंबू दे. बसलेलीच हाय नं?"

"एस्तेर रडून राहिली."

"नर्स हाय ती. कुठं थांबायचं तिला कळतं."

शहाणा माणूस असता तर त्यानं देवाचं काहीतरी सांगितलं असतं. माझ्यापाशी माझी अब्रू सोडून काही नव्हतं, म्हून तीच काढली.

"मावशी, तुला एक सांगतो. त्या सभेत मी उभा राहिलोच नव्हतो. पायजम्यात मुंगळे शिरले व्हते."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"मुंगळे. खांबावर रांग व्हती. मी पाहून राहिले व्हते, आता चढतील, मंग चढतील."

"मंग अकरा वर्स मला काहून फिरवलंस?"

"दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं."

मेंढरं ओरडून राहिले. धनगराची बाई भाकर पलटायची सोडून आमच्याकडं पाहून राहिली. मावशीनं पिशवी खांद्याला लावली, मंग वापस काढली, मंग वापस लावली.

"दाव्या," ती म्हणली, "एस्तेर काही मुंगळ्यानं उभी राहिली न्हाई."

"न्हाई, मावशी."

"तेच वंगाळ झालं." थोडी पुढं चालली. वळली. "चल. काय पाहून राहिला."

पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, आमी आता निघालो, गाडीची वेळ होऊन राहिली, तुमी तिकडूनच परभारे नांदेडला या. हात मंडळीसमोर पडायचा तो आता फलाटावर पडू द्या, म्हणाले. मी गाडी पिदडली. मावशीनं पहिल्यांदाच पाठीवर बोट मारलं न्हाई. जवारीची पिशवी दोघांच्या मधी, माझ्या पाठीला टोचून राहिली.

आन् अर्धापूरच्या अलीकडं मागचं टायर बसलं.

मी डिक्की उघडली. आत फुलं. इस वर्स पंचर काढून राहिलेला माणूस, त्याच्यापाशी झेंडूचा हार हाय आन् सोल्युशनची ट्यूब न्हाई. मावशीनं हाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं शिव्यांपरीस वाईट लागलं. तेवढ्यात बकऱ्या भरलेला एक टेम्पो आला. मावशी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टेम्पोवाला थांबला न्हाई तर करतो काय. पुढं दोन माणसं दाटून बसलेले, म्हून ही मागं चढली, बकऱ्यांत. फळीला धरून उभी, गळ्यात पिशवी, आन् एक बोकड पिशवीला तोंड लावून राहिला, त्याला ती कोपरानं हाणत हाणत नांदेडकडं गेली. मी गाडी ढकलत पुढच्या गावाला. तिथला पंचरवाला मला वळखत व्हता. तो अर्धा तास हसला, मंग पंचर काढली, वर पैसे घेतले न्हाईत. म्हणला, एवढं हसायला मिळतं कुठं.

फलाटावर काय झालं ते मला एस्तेरनं सांगितलं, लई दिवसांनी, फोनवर. मावशी पोचली तवा गाडी लागलेली व्हती. मंडळीनं वाट करून दिली. पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, या." मावशीनं पिशवी पुढं केली.

"घे. तिकडं जवारी मिळत न्हाई म्हणतेत."

"आई, इमानात वजन मोजतेत. एवढं न्हाई नेता येत."

"मंग कपडे काढ त्यातले."

"कपडे काढून काय घालू?"

"तिथं काय कपडे मिळत न्हाईत का? जवारी मिळत न्हाई. साठ घरची मूठ हाय ही, फेकून देऊ का?"

दोघींनी फलाटावरच बॅग उघडली. मावशी एक साडी काढायची, एस्तेर वापस कोंबायची. पाळकसाहेब हात वर करून उभे, बिचारे, कोणाच्या डोक्यावर ठेवावा म्हून. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. निम्मी जवारी बॅगेत गेली, निम्मी फलाटावर सांडली आन् पोरगी डब्यात चढली. मावशी खिडकीबरोबर चालत चालत सांगून राहिली, पाणी उकळून पी, रोज फोन नको करू, दिवसाआड कर. गाडी निघून गेली. मंग तिच्या ध्यानात आलं, हात तर राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर हजर. मला वाटलं, कालचं काही बोलंल. "सेनगावला चल, बोर्डिंगचं पीठ सरलंय." नांदेडच्या फलाटावर राहिलेली गोष्ट तिनं त्या वर्सात एकदाच काढली. मी ट्यूब पाण्यात बुडवून पाहून राहिलो व्हतो आन् ती उभी व्हती. "भांडणातच गाडी गेली," एवढंच म्हणली. मी बुडवलेलीच ट्यूब परत बुडवून पाहिली.

त्याच्यानंतर ती लई फिरू लागली. शनवारच्या मुठी बुधवारी बी मागू लागली. नवे नवे गावं काढायची, तिथं आपलं घर असो नसो. पाय सुजायचे तरी थांबायची न्हाई. मी म्हणलं, मावशी, जरा बस. "बसल्या जागी बुड तापतं, चूल तापत न्हाई," म्हणायची. एस्तेरचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा, चेहरा दिसणारा. मावशी मोबाईल हातात घेऊन दुकानासमोर येरझाऱ्या घालायची. तिकडं पोरीला निम्मी आई दिसायची, निम्मा हिंगोलीचा रस्ता.

तीन वर्सांनी पोटात गाठ निघाली. नांदेडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. एस्तेर महिन्याची सुट्टी टाकून आली. मावशी बाजंवर आडवी, तिला तसं पाहून मलाच उभं राहवंना. पण तोंड चालूच.

"तिकडं तुझ्या जागी कोण हाय?"

"दुसरी हाय, आई. तू पड."

"ती नवी हाय म्हणत व्हतीस. तिला बाळंतपण जमतं का?"

"जमतं."

"एकटीला?"

एस्तेर तिची वाकळ सारखी करू लागली. ती सुट्टी वाढवायचं म्हणून राहिली व्हती. मावशीनं मला बोलावलं आन् तिच्यासमोरच इचारलं, मुंबईची गाडी नांदेडहून किती वाजता सुटते, अजून तीच वेळ हाय का. पाळकसाहेब म्हणाले, जायच्या दिवशी आमी सगळे घरी येतो, राहिलेली रीत पुरी करू. मावशी म्हणली, "नको साहेब. घर ल्हान हाय, मंडळी मावायची न्हाई."

जायच्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन दारात. सामानाची डिक्की बी तपासून आणली व्हती. हॉर्न दिला. एस्तेर आली न्हाई. परत दिला. तिसऱ्यांदा चांगला लांब दिला आन् बडबडत आत शिरलो की रेलगाडी काय तुमच्या मामाची हाय का.

आत एस्तेर जमिनीवर बसलेली, डोकं बाजंच्या काठाशी. मावशीचा हात तिच्या डोक्यावर. कोणी प्रार्थना म्हणून राहिलं नव्हतं, काहीच चालू नव्हतं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिवी येती. आली न्हाई. मी हात जोडले, मंग माझं मलाच कळंना की काहून जोडले, म्हून खाली सोडले.

लई टाइम गेला. वेळ झाली हे मावशीला माझ्यापरीस बराबर म्हाईत व्हतं. पण तिनं काही हात उचलला न्हाई. मंग एस्तेरनंच आपल्या दोन्ही हातांनी तो धरला, वर उचलला आन् वाकळीवर ठिवला, दवाखान्यात झोपलेल्या पेशंटचा ठेवतेत तसा, सावकाश. आन् उभी राहिली.

त्याच्यानंतर अकराव्या दिवशी मावशी गेली. एस्तेर तवा मालावीत, कामावर व्हती.

हात पडला त्या दिवशी एस्तेरला घेऊन निघालो तवा डोंगरकड्यापासून पुढं रस्त्याचं काम चालू व्हतं. नुसता फुफाटा. मी गाडी थांबवून गळ्यातला रुमाल काढला, म्हणलं, एस्तेर, डोक्याला बांध, केसांचं वाटोळं होईल.

"राहू द्या मामा," ती म्हणली.

नांदेडपर्यंत ती तशीच बसली. एक हात माझ्या खांद्याला, दुसरा सामानाला. स्टेशनात उतरली तवा केस सगळे मातीनं पांढरे झालेले. मी म्हणलं, निदान झटकून तरी घे. तिनं बॅग उचलली आन् फलाटाकडं चालू लागली. केसांना हात लावला न्हाई.